साक्षीच्या भिंतीवरचा फोटो

डॉ. बोसिबोरी : चौथ्यांदा विचारते, आई. मुलीचा तीन वर्षांपूर्वीचा छातीचा एक्स-रे कुठे आहे?

रोसेलिडा : आणि मी चौथ्यांदा सांगते, डाक्तर. सुरक्षित आहे.

डॉ. बोसिबोरी : सुरक्षित म्हणजे कुठे?

रोसेलिडा : चांगल्या जागी आहे.

डॉ. बोसिबोरी : अहो, मी काय तुमची सोन्याची माळ मागतेय का? काळा प्लास्टिकचा कागद आहे तो. या किसुमू शहरातल्या निम्म्या घरांत गादीखाली पडलेला असतो. तुमचा कुठे आहे? गादीखाली? कपाटावर? तुमच्या सुक्या मासळीच्या पोत्यांमागे?

क्विंटर : सांगून टाक ना आई.

रोसेलिडा : तू बोलू नकोस. बोललीस की तुला दम लागतो.

क्विंटर : बोलून नाही लागत. रक्त नाही म्हणून लागतो. हिमोग्लोबिन सहा. माझ्या वर्गातल्या सगळ्यात ढ पोराला गणितात याहून जास्त पडतात.

डॉ. बोसिबोरी : आणि आई, तुम्ही जरा नीट बसा. मघापासून खुर्चीच्या टोकावर बसलाय, आत्ता पडाल. पाठ टेका.

रोसेलिडा : मी अशीच बसते. पाठ धरलीय.

डॉ. बोसिबोरी : धरणारच. लिफ्ट बंद, दोन जिने चढून आलात. मुलगी किती वेळा थांबली?

क्विंटर : सहा. आज सहाचाच दिवस आहे.

डॉ. बोसिबोरी : हे बघा, आता अकरा वाजलेत. दोन वाजता खाली बैठक आहे. कॅन्सरचे डॉक्टर असतील, रक्ताचे असतील आणि छातीचे सर्जन डॉ. वेकेसा असतील. ते महिन्यातून एकदाच येतात, गुरुवारी ऑपरेशनं करतात आणि परत जातात. दोन वाजता क्विंटरचं नाव निघेल आणि दहा मिनिटांत ठरेल की हिची छाती उघडायची की हिला कॅन्सरची औषधं चालू करायची. त्या दहा मिनिटांत माझ्या हातात तो जुना फोटो हवा.

रोसेलिडा : मग तुम्ही परवा एवढ्या मोठ्या भोकाच्या मशिनीत घालून जे काढलं ते काय होतं? हातात सुई टोचलीत, औषध सोडलंत, पोरीला सगळ्या अंगातून गरम गरम गेलं. त्यात नाही दिसलं?

डॉ. बोसिबोरी : दिसलं ना. स्वच्छ दिसलं. या इकडे, पडद्यावर दाखवते. हे हृदय, हा श्वासनळीचा फाटा, आणि ही इथं...

रोसेलिडा : मला नका दाखवू.

डॉ. बोसिबोरी : बघायला काय होतंय?

रोसेलिडा : नको म्हटलं ना. तोंडानं सांगा.

डॉ. बोसिबोरी : धन्य आहे. बरं, तोंडानं सांगते. आपल्या अंगात ठिकठिकाणी पहारेकऱ्यांच्या चौक्या असतात. बाहेरून रोग आला की त्या शिट्टी फुंकतात. हिच्या छातीतली एकच चौकी बिघडून तिची गाठ झालीय. चोर नाही, कुणी नाही, तरी शिट्ट्या चालूच. त्यानं ताप येतो, घामानं कपडे भिजतात, वजन उतरतं आणि नवं रक्त तयार व्हायचं थांबतं. म्हणून तर चार वेळा रक्त चढवलं आणि चारही वेळा ते महिनाभरात आटलं. लोहाच्या गोळ्या किती खाल्ल्या?

क्विंटर : डबेच्या डबे. त्या डब्यांत आता आई बटणं ठेवते.

रोसेलिडा : मग तो बिघडलेला पहारेकरी काढून टाका की.

डॉ. बोसिबोरी : मीही तेच म्हणतेय. याला कॅसलमनचा आजार म्हणतात. दुर्मीळ आहे. माझ्या सगळ्या नोकरीत मी असे दोन पाहिलेत, तेही दुसऱ्यांचे पेशंट. एकच गाठ असली आणि ती अख्खी काढली, तर माणूस घरी जातो आणि पुन्हा कामाला लागतो. पण डॉ. वेकेसांना वाटतं हा लसीकाग्रंथींचा कॅन्सर आहे. ते म्हणतात, जे औषधानं विरघळेल त्यासाठी मी छाती उघडणार नाही, त्या गाठीत रक्तवाहिन्या खच्चून भरल्यात, टेबलावरच रक्त वाहून जाईल. त्यांचंही चूक नाही. मानेतून सुई घालून तुकडा घेतला, त्यात काही निघालं नाही. गाठीचं खरं नाव तिला बाहेर काढून तपासल्यावरच कळणार.

क्विंटर : आणि औषधं चालू केली तर?

डॉ. बोसिबोरी : सहा हिमोग्लोबिनवर? खरं सांगू की गोड सांगू?

क्विंटर : मी शाळेत शिकवते, डॉक्टर. गोड मी दिवसभर बोलते.

डॉ. बोसिबोरी : झेपणार नाहीत तुला.

रोसेलिडा : आणि त्या जुन्या फोटोनं काय होणार?

डॉ. बोसिबोरी : गाठ तेव्हाही होती का, आणि असली तर केवढी होती, ते कळेल. तेव्हाही आजच्याएवढीच असेल तर ती कॅन्सरची नाही. ज्या कॅन्सरची वेकेसांना भीती आहे तो तीन वर्षं हाताची घडी घालून बसत नाही. फोटो बघितला की ते हो म्हणतील. तसं त्यांनी मला कबूल केलंय.

रोसेलिडा : आणि तेव्हा नव्हतीच असं निघालं तर?

डॉ. बोसिबोरी : तर ती नवीन आहे, झपाट्यानं वाढलीय, आणि वेकेसा म्हणतात ते खरं.

रोसेलिडा : म्हणजे तेव्हा होती असं निघालं तर बरं.

डॉ. बोसिबोरी : फारच बरं.

रोसेलिडा : कुणासाठी बरं?

डॉ. बोसिबोरी : कुणासाठी म्हणजे काय? मुलीसाठी. मला कळत नाही, आई, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात. ज्या दवाखान्यात तो फोटो काढला तिथं मी स्वतः फोन केला. ते म्हणतात आम्ही प्रत ठेवत नाही, फोटो पेशंटचा, पेशंट घेऊन जातो. जगात तो एकच आहे आणि तुम्ही त्याचा पत्ता सांगत नाही.

क्विंटर : चर्चमध्ये आहे.

रोसेलिडा : क्विंटर.

क्विंटर : राहू दे आता. चर्चमध्ये आहे, डॉक्टर. आमच्या चर्चला साक्षीची भिंत आहे. बरं झालेलं माणूस रविवारी उभं राहतं, सगळ्यांसमोर साक्ष देतं आणि आपलं काहीतरी तिथं लावून येतं. तिथं चार कुबड्या आहेत, एक चष्मा आहे, एकाच्या पायाचं प्लास्टर आहे, आणि त्यांच्या मधोमध माझी छाती आहे. खाली नाव आणि तारीख. लग्नाला आलेले पाहुणेसुद्धा बघून जातात.

डॉ. बोसिबोरी : तुमची छाती भिंतीवर.

क्विंटर : खिळा ठोकून.

डॉ. बोसिबोरी : देवा. थांबा, मला नीट कळू दे. तो फोटो उपचाराच्या आधीचा ना? आजार असतानाचा?

क्विंटर : हो. त्यावर टीबी म्हणाले, सहा महिने गोळ्या दिल्या.

डॉ. बोसिबोरी : मग आजाराचा फोटो बरं झाल्याचा पुरावा म्हणून कसा लावला?

क्विंटर : मीही हेच विचारलं होतं.

रोसेलिडा : विचारलं होतंस आणि मी उत्तर दिलं होतं. डाक्तर, पांगळा बरा झाला की भिंतीवर काय लावतो? कुबड्याच ना? का पाय लावतो? आजार देवाच्या दारात सोडून यायचा असतो. ती गोळ्या खाऊन बरी झाली, ताप गेला, गालावर मांस आलं. मी तीन रविवार ढोल वाजवला, हात फुटले माझे. पास्टर ओबुया म्हणाले, रोसेलिडा, हे इथंच राहू दे, बघणाऱ्याला धीर येईल. बायका त्याला हात लावून जातात. खोकणारी लेकरं घेऊन येतात. तो आता काय माझ्या एकटीचा आहे?

डॉ. बोसिबोरी : कुबड्यांचं पटलं मला. बोलायला जागा ठेवली नाहीत. पण गोळ्या संपल्यावर पुन्हा फोटो काढायला बोलावलं होतं, कागदावर लिहिलंय. गेलात का?

क्विंटर : नाही.

डॉ. बोसिबोरी : का?

क्विंटर : साक्ष दिल्यावर पुन्हा फोटो काढणं म्हणजे देवाची परीक्षा घेणं.

डॉ. बोसिबोरी : हे कोण म्हणालं?

क्विंटर : जाऊ दे, डॉक्टर.

रोसेलिडा : मी म्हणाले.

डॉ. बोसिबोरी : आणि ताप परत आला तेव्हा?

रोसेलिडा : शाळेत ऐंशी पोरं आहेत तिच्या वर्गात. म्हटलं, थकवा असेल. मासळीचं सूप दिलं. लोकांना सांगितलं, सर्दी झालीय. मग ती फळ्याजवळ चक्कर येऊन पडली. मग पुन्हा टीबीच म्हणाले, पुन्हा गोळ्या. त्या वेळी काही गालावर मांस आलं नाही.

डॉ. बोसिबोरी : मी हात टेकले. बरं. भांडायला वेळ नाही. चर्च कुठे आहे?

क्विंटर : आहेरो गावाच्या पुढे, उंचवट्यावर. बोडानं, भाड्याच्या मोटारसायकलीनं, तासभर.

डॉ. बोसिबोरी : जायला एक तास, यायला एक तास, दोनपर्यंत होतंय. निघा, आई. आत्ताच्या आत्ता.

रोसेलिडा : मी नाही जाणार.

डॉ. बोसिबोरी : का नाही?

रोसेलिडा : नाही म्हणजे नाही.

डॉ. बोसिबोरी : मग मी करते फोन. क्विंटर, दे त्या पास्टरांचा नंबर.

रोसेलिडा : त्यांना कशाला त्रास देता?

डॉ. बोसिबोरी : त्रास? सकाळपासून मला जो होतोय तो काय आहे? दे नंबर. हॅलो, पास्टर ओबुया का? नमस्कार. मी मोठ्या सरकारी हॉस्पिटलातून डॉ. बोसिबोरी बोलतेय, एक्स-रे आणि स्कॅनच्या विभागातून. नाही, कुणी गेलं नाही, घाबरू नका. क्विंटर माझ्यासमोर बसलीय. तिचा एक फोटो तुमच्या भिंतीवर आहे, तो मला... काय म्हणालात? कधी? कुबड्या आहेत? चष्माही आहे? फक्त तोच? बरं. बरं. नाही, पोलिसांत नका जाऊ लगेच. कुणाला फोन करताय? अच्छा. नाही, लागत नसेल तर बंद असेल. मी सांगते त्यांना. हो, प्रार्थना करा, तिची गरज आहेच.

क्विंटर : काय म्हणाले?

डॉ. बोसिबोरी : फोटो भिंतीवर नाही. सकाळी झाडताना बघितलं तर नुसता खिळा. चोरी झाली म्हणतात. चर्चला कुलूप होतं, दार फोडलेलं नाही, दानपेटीला हात लावलेला नाही. गेला तो एक फोटोच. बायकांच्या मंडळाच्या प्रमुखांकडे दुसरी किल्ली असते, म्हणून सकाळपासून त्यांना फोन लावतायत, पण त्यांचा फोन बंद आहे. प्रमुख कोण आहे मंडळाची?

क्विंटर : आई.

डॉ. बोसिबोरी : कुणाची आई?

क्विंटर : माझी. आई, पाठ टेक.

रोसेलिडा : धरलीय म्हटलं ना.

क्विंटर : सकाळपासून मला वाटतंय तू आज जाड का दिसतेस. आणि आज मला पुढे चालायला लावलंस, एरवी माझ्या मागे येऊन सावरतेस. टेक पाठ.

(रोसेलिडा हळूच मागे टेकते. तिच्या पाठीशी प्लास्टिक करकरतं.)

डॉ. बोसिबोरी : आई. तुम्ही तो फोटो पाठीला बांधून आणलाय.

रोसेलिडा : हातात कसा आणू? सगळा गाव ओळखतो त्याला. पहाटे कुलूप उघडलं, खिळ्यावरून काढला, लेसोत, या अंगावरच्या कापडात, घातला आणि वरून गाठ मारली, लेकरू बांधतात तशी. बोडावाला म्हणाला, आजी, बाळाचं डोकं झाका, धूळ लागेल. मी झाकलं.

डॉ. बोसिबोरी : मी सकाळपासून घसा फोडतेय. फोटो या खोलीत होता. माझ्यापासून दोन हातांवर. तुम्ही आणलाच होतात तर चार वेळा विचारूनही सांगितलं का नाहीत?

रोसेलिडा : आणणं माझ्या हातात होतं. दाखवायला हात होत नव्हता.

डॉ. बोसिबोरी : का पण?

रोसेलिडा : तुम्हीच म्हणालात ना, तेव्हा गाठ होती असं निघालं तर बरं. होती असं निघालं, तर मी तीन रविवार कशाचा ढोल वाजवला? गाठ छातीत तशीच, आणि मी सगळ्यांसमोर नाचतेय. पुन्हा फोटो काढायचा नाही असं मी म्हणाले. सर्दी झालीय असं मी सांगितलं. आणि नव्हती असं निघालं, तर पोर हातची जाते. एकीकडे माझं तोंड काळं, एकीकडे माझी पोर. म्हटलं, जरा वेळ कुणीच बघू नये.

क्विंटर : आई, तू मला गोळ्या चुकवू दिल्या नाहीस. एक दिवस नाही. हे पण सांग की यांना.

रोसेलिडा : त्यानं काय होतं?

क्विंटर : मला होतं.

डॉ. बोसिबोरी : सोडा तो लेसो. मीच सोडते, गाठ बसलीय. हं. माझी प्रकाशाची पेटी महिनाभर बंद आहे, खिडकीशी या. या, आई. आता तुम्हीही बघायचं. एवढं पाठीवर वाहून आणलंत.

रोसेलिडा : मला त्यातलं काय कळणार?

डॉ. बोसिबोरी : मी दाखवते. खिळा गळ्याच्या हाडावर ठोकलाय. नशीब. खाली ठोकला असता तर मी त्या पास्टरांना सोडलं नसतं. ही क्विंटर. हे हृदय. हा नळीचा फाटा. आणि ही बघा. इथं. काठ दिसतोय? गोल, फुगीर.

रोसेलिडा : दिसतोय.

क्विंटर : होती म्हणजे.

डॉ. बोसिबोरी : थांबा, पट्टी कुठे गेली. बोलू नका जरा. पाच पूर्णांक दोन सेंटिमीटर. साध्या फोटोत सगळं थोडं मोठं दिसतं, तेवढं वजा करायचं, म्हणजे पावणेपाच धरा. आणि परवाच्या स्कॅनमध्ये मी काय लिहिलंय? चार पूर्णांक आठ. पुन्हा मोजते. मला माझाच भरवसा वाटत नाहीये. तेच. तेच येतंय.

रोसेलिडा : म्हणजे काय?

डॉ. बोसिबोरी : म्हणजे तीन वर्षांत ही हललेली नाही. गोळ्यांनी कमी झाली नाही, गोळ्या थांबल्यावर वाढली नाही. तेव्हा ताप गेला तो मधेच शिट्ट्या थांबल्या म्हणून असणार. फोनवर फोटो काढून पाठवते वेकेसांना, दोन वाजेपर्यंत मला दम निघणार नाही.

रोसेलिडा : मी नाचत होते तेव्हा ती तिथंच होती.

डॉ. बोसिबोरी : हो. होती. तुम्हाला खोटं सांगू का? पुन्हा फोटो काढला असता तर कदाचित लवकर कळलं असतं. कदाचित पुन्हा टीबीच म्हणाले असते. ज्यानं हा पहिल्यांदा बघितला त्यानं टीबी लिहिलं. सरोवराकाठी छातीत गाठ दिसली की टीबीच लिहितात. त्या दिवशी माझ्या टेबलावर आला असता तर मीही तेच लिहिलं असतं, आणि सही करून जेवायला गेले असते.

रोसेलिडा : तुम्ही पण?

डॉ. बोसिबोरी : मी पण. त्याचा मला आत्ता राग येतोय, तुमच्याहून जास्त.

क्विंटर : आणि घरी ठेवला असता तर पुरात गेला असता. गेल्या वर्षी न्यांदो नदीचं पाणी घरात शिरलं, डॉक्टर, माझी प्रमाणपत्रं गेली, जन्मदाखला गेला, गादीसकट सगळं गेलं. चर्च उंचावर आहे म्हणून तेवढी भिंत कोरडी राहिली.

डॉ. बोसिबोरी : हे मी बैठकीत सांगणार नाही. आधीच ते मला वेडी समजतात. थांबा, वेकेसांचं उत्तर आलं.

रोसेलिडा : काय म्हणतात?

डॉ. बोसिबोरी : वाचते. आधी लिहिलंय, गळ्याच्या हाडात हे भोक कसलं. हं, आणि पुढे. बैठकीत बोलूच, पण माझ्या बाजूनं हो. गुरुवारी पहिली केस. रक्ताच्या सहा पिशव्या तयार ठेवा.

क्विंटर : परत सहा.

रोसेलिडा : हो म्हणाले?

डॉ. बोसिबोरी : हो म्हणाले. आता रडू नका, आई, मला कामं आहेत. सहा पिशव्या रक्त म्हणजे रक्त देणारी बारा तरी माणसं आणा, निम्मी तपासणीत गळतात. तुमच्या मंडळात बायका किती?

रोसेलिडा : चाळीस.

डॉ. बोसिबोरी : उद्या सकाळी आणा. आणि तो फोन चालू करा, पास्टरांना कळवा की चोर सापडला.

रोसेलिडा : काय सांगू त्यांना, पोरी? खिळा रिकामा दिसतोय. रविवारी सगळे विचारतील.

डॉ. बोसिबोरी : जे झालं ते सांगा. फोटो मला गुरुवारपर्यंत हवाय, ऑपरेशनच्या खोलीत लावणार आहेत.

रोसेलिडा : सगळ्यांसमोर सांगावं लागेल. ढोल वाजवला होता तसंच.

क्विंटर : मी घरी आले की सांग, मी उभी राहीन तुझ्याबरोबर. बसून उभी राहीन, खुर्ची ठेव.

डॉ. बोसिबोरी : निघा आता. जिना सावकाश उतरा. चाकाची खुर्ची मागवली असती, पण लिफ्टच बंद. आणि तो लेसो परत कशाला बांधताय? आता त्यात काही नाही.

रोसेलिडा : हिला दोन जिने उतरायचेत.

क्विंटर : आई, वेडी आहेस का? मी सत्तावीस वर्षांची आहे. लोक बघतील.

रोसेलिडा : बघू देत. वजन किती राहिलंय तुझं? चल, धर मानेला.